आग आणि मयत

आमच्या ओकिनोसेत समुद्राची भिंत आहे, समुद्र नाही. भिंत दगडी, कमरेएवढी, वस्तीच्या मधोमध. तिच्यावर बायका गाद्या उन्हात घालतात. होड्या बांधायच्या लोखंडी कड्या अजून तिच्यात आहेत, त्यांना लोक सायकली अडकवतात. भिंतीच्या पायऱ्या उतरलं की पूर्वी पाय ओले व्हायचे म्हणे. आता डांबरी रस्ता लागतो, मग गोदामं, तेलाच्या टाक्या, एकसारख्या सहा इमारती, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे, घरापासून अडीच किलोमीटरवर, समुद्र. गल्ल्यांची नावं मात्र कोणी बदलली नाहीत. वाळूची गल्ली, ओहोटीची गल्ली, शिंपल्यांचा कोपरा.

मिनोए इसोगाईचं घर भिंतीला लागून होतं. त्याची मोठी खिडकी समुद्राकडे होती. समुद्र नेला तेव्हा त्या रांगेतल्या सगळ्यांनी तिकडच्या खिडक्या बुजवल्या, कारण गोदामाची धूळ आत यायची. मिनोएने बुजवली नाही. तिच्या खिडकीतून पोलादाच्या गोदामाची पाठ दिसायची, गंजलेल्या पत्र्याची. सकाळी ती उघडायची आणि संध्याकाळी लावायची, जणू समोर अजून काही पाहण्यासारखं आहे.

मी १९७४ साली डोंगरातल्या एका गावातून सेगावांच्या घरी सून म्हणून आले. माझे सासरे किहेई हे ओकिनोसेचे प्रमुख. शहराने गाव केव्हाच गिळलं होतं, कागदावर आम्ही शहराचा एक भाग होतो. पण वस्तीत कोणाचं काय करायचं ते आमच्या बैठकीच्या खोलीतच ठरायचं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई, तामेयो त्यांचं नाव, मला फिरती पाटी घेऊन घरोघर नेत होत्या. पाटी म्हणजे पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेल्या सूचना: गटारं कधी साफ करायची, उत्सवाला कोणी काय आणायचं. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची.

मिनोएने दारातच पाटी घेतली. तेव्हा ती सत्तेचाळीसची असेल. पाठ ताठ, हात मात्र वयापेक्षा म्हातारे, सांधे सुजलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "डोंगरातली ना? पायांवरून कळतं. आमच्याकडच्या बायकांचे पाय पसरट असतात."

परत येताना सासूबाई सहज म्हणाल्या, "हिला आम्ही दोन वर्षं वाळीत टाकलं होतं." मुळ्याचा भाव सांगावा तसं.

"का?"

"समुद्रापायी." मग थोडं चालून गेल्यावर, "पण आग आणि मयत सोडून हं. आम्ही काही रानटी नाही."

ही आमच्याकडची जुनी रीत. घराचे गावाशी दहा व्यवहार असतात. जन्म, लग्न, आजारपण, घर बांधणं, पूर, प्रवास, असे. वाळीत टाकलं की त्यातले आठ तोडायचे. दोन ठेवायचे: आग लागली तर विझवायला जायचं आणि कोणी गेलं तर मयताला जायचं. मी सासूबाईंना विचारलं होतं, हे दोनच का. त्या म्हणाल्या, "आग शेजारच्या घरी पसरते. आणि प्रेताला वास येतो. यात न कळण्यासारखं काय आहे?"

मिनोएबद्दल मला जे माहीत आहे ते थोडं सासूबाईंनी भाज्या चिरताना सांगितलेलं, थोडं मी पाहिलेलं, आणि अगदी थोडं तिने स्वतः.

ओकिनोसेचं पोट नोरीवर चालायचं. समुद्रातलं शेवाळ ते. काढायचं, बारीक करायचं, चटयांवर कागदासारखं पसरून वाळवायचं. काम सगळं थंडीतलं. उथळ समुद्रात फांद्या आणि बांबू रोवायचे, त्यांवर शेवाळ धरतं. रोवायला पुरुष छातीभर पाण्यात जायचे, हातभर उंचीच्या लाकडी खडावा घालून. खडावांच्या खाली दगड बांधलेले असत, नाहीतर लाकूड पायांना वर उचलतं. इतर किनाऱ्यांवर खडावा कधीच गेल्या होत्या, आमच्याकडे राहिल्या. पुरुषांच्या अंगावर जाड कपडे, बोटं गारठलेली, त्यांना वाकता यायचं नाही. म्हणून खडावांची दोरी बायका बांधायच्या. पाण्याच्या कडेला उकिडव्या बसून, जी ती आपापल्या नवऱ्याच्या पायाशी.

गाठ अशी हवी की एका हिसक्यात सुटावी. ओकिनोसेच्या सगळ्या बायका तीच गाठ मारायच्या. मिनोए मात्र खाडीच्या पलीकडच्या टोकावरून आलेली, तिची गाठ तिच्या आईकडची. तीन वेढे, आणि शेवट डावीकडून मागे नेऊन आत खोचलेला. बायका तिला बाहेरची गाठ म्हणायच्या. "नवरा बांधून ठेवायची गाठ आहे गं ही," असं चिडवायच्या. सासूबाई तिच्या शेजारीच बसायच्या, सात हिवाळे. त्यांनीही चिडवलं. तिचा नवरा तोकुमात्सु हसायचा आणि म्हणायचा, "बोला तुम्ही. हिची गाठ चालताना सैल होत नाही."

सैल व्हायची नाही, आणि हिसक्याने सुटायचीही नाही.

१९५९च्या जानेवारीत, सकाळच्या ओहोटीला, तोकुमात्सु आणि माझे सासरे वीस पावलांच्या अंतराने पाण्यात होते. दोघं लहानपणचे मित्र. आदल्या शरदात वादळ होऊन गेलं होतं आणि उथळ पाण्यातून जाणारा खोल ओहोळ जागचा हलला होता. त्याच्या कडेच्या खुणेच्या फांद्या अजून सगळ्या नव्याने रोवलेल्या नव्हत्या. तोकुमात्सुचा पाय ओहोळात गेला. ओहोटीचं पाणी ओहोळातून बाहेर ओढतं. सासऱ्यांना आधी डोकं दिसलं, मग पाठ, मग काही नाही.

ते बाहेर आले आणि किनाऱ्यावर सगळ्यांसमोर बोलले. मिनोए तिथेच उभी होती, हातात त्याच्यासाठी आणलेलं गरम पाण्याचं भांडं.

"तो वाकला होता," सासरे म्हणाले. "दोन्ही हात पायांपाशी नेले होते त्याने. बराच वेळ."

सासूबाई सांगताना म्हणाल्या, "खरं तेच बोलले ते. खरं बोलण्यात काय चूक?"

अकरा दिवस होड्या फिरल्या, गळ टाकले. तोकुमात्सु मिळाला नाही. ओहोळाच्या तळाचा गाळ काळा आणि मऊ, दगड बांधलेल्या खडावा त्यात उतरत गेल्या असणार. मंदिरातले भिक्षू म्हणाले, नुसत्या फोटोवर क्रियाकर्म करता येईल. मिनोए म्हणाली, हाड मिळेल तेव्हा.

पुढच्या वर्षी समुद्र भरायचं आलं. सरकारला कारखान्यांसाठी जमीन हवी होती. शहरातून माणसं आली, नकाशे आले, नकाशात आमचा समुद्र आधीच राखाडी रंगवलेला होता. लोक दमलेलेच होते. नोरीचं पाणी दर वर्षी घाण होत होतं, पोरं थंडीत पाण्यात उतरायला तयार नव्हती. पण समुद्रावरचे हक्क सोडायला त्रेचाळीस घरांचे शिक्के हवे होते, एक कमी चालत नव्हता. बेचाळीस मिळाले.

मिनोएने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "तो सापडला की देते." तिला ना मोबदला जास्त हवा होता, ना समुद्र वाचवायचा होता. माती पडायच्या आत तिला तो हवा होता, एवढंच. आणि त्याला शोधायचा म्हणजे ओहोळ उघडा राहायला हवा होता.

आमच्या बैठकीच्या खोलीत ठरलं. १९६०च्या वसंतात आठ व्यवहार तुटले.

पाटी तिच्या दारावरून पुढच्या घरी जाऊ लागली. सामायिक विहिरीवर ती आली की बायका बादल्या उचलून निघून जायच्या. सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण दाराशी बसून म्हणायची, "पाणी संपलं," आणि आतून पाण्याचे आवाज यायचे. तिची नोरी वाळवायला कोणी हात दिला नाही, घेतली तर कोणीच नाही. हिवाळ्यात ओहोटीला ती तोकुमात्सुच्या जुन्या खडावा घालून, स्वतःच्या हातांनी बांधून, एकटी पाण्यात जायची आणि लांब बांबूने ओहोळाचा तळ टोचत फिरायची. कुठे टोचलं तिथे फांदी रोवायची. भिंतीवर बायका बसलेल्या असत.

"चालली नवऱ्याला टोचायला."

"जिवंतपणी काय कमी टोचलं असेल?"

हे माझ्या सासूबाईंनी मला हसत सांगितलं. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "थंडी फार होती त्या वर्षी."

दुसऱ्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. तीन दिवस तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. सगळ्यांनी पाहिलं. कोणी गेलं नाही. आजारपण आठांत येतं. चौथ्या दिवशी ती स्वतः भिंतीला धरून धरून शहरातल्या डॉक्टरकडे गेली. विहिरीवरची ओताके नावाची बाई तेव्हा म्हणाली होती ते वस्तीत अजून सांगतात: "माणसं यायला हवी असतील तर घर पेटव म्हणावं तिला. लगेच येऊ."

मेली असती तर, सासूबाई म्हणाल्या, नक्की गेलो असतो.

१९६२च्या एप्रिलमध्ये माझे सासरे पांढऱ्या कापडात काहीतरी गुंडाळून तिच्या दाराशी गेले. दोन वर्षांत त्या दारात उभं राहिलेलं पहिलं माणूस. तिने त्यांना आत बोलावलं नाही, बाहेर आली.

"मोजणीच्या बोटीच्या गाळ उपसायच्या पंज्यात आलं," ते म्हणाले. "ओहोळातून."

नडगीचं हाड होतं. तिने ते दोन्ही हातांत घेतलं.

"खडाव नव्हती, किहेई भावोजी?"

"नाही."

"दोरी?"

"नाही गं. एवढंच."

दिवसभर ते हाड मांडीवर घेऊन ती त्या खिडकीत बसली. संध्याकाळी आमच्याकडे आली, कागदावर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत थांबली आणि गेली.

मयताला बेचाळीस घरं आली. आमच्याकडे मयताच्या घरची चूल शेजारच्या बायकांनी पेटवायची असते. दोन वर्षं ज्या स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकलं नव्हतं त्यात एकदम अकरा बायका शिरल्या, तिची भांडी काढली, तिचं मीठ शोधलं, भात, उकडलेल्या भाज्या, टोफू, सगळं केलं. पुरुषांनी प्याले भरले. ओताके रडली. सासूबाई म्हणायच्या, "तसं मयत गावात परत झालं नाही. काही कमी पडू दिलं नाही आम्ही." दुसऱ्या दिवशी पाटी तिच्या दाराशी गेली.

शरदात पाइपांतून वाळू आणि गाळ ओतायला सुरुवात झाली. तीन वर्षांत समुद्र कुंपणापर्यंत गेला.

मी आले तेव्हा मिनोए पोलादाच्या गोदामाच्या कँटीनमध्ये भात शिजवायची. सकाळी साडेसहाला भिंतीच्या पायऱ्या उतरून निघायची. तिथले कामगार बहुतेक बाहेरचे, पण गोष्ट त्यांना कोणीतरी सांगितलेली. "मावशी, खाली कोणी भुकेलेलं असेल, एक वाटी जमिनीत ओता," असं म्हणायचे. ती त्यांना दुसऱ्यांदा भात वाढायची.

एकदा, १९८०च्या सुमारास, आम्ही दोघी भिंतीवर गाद्या झटकत होतो. ती म्हणाली, "तू डोंगरातली, तुला इथे नुसता रस्ता दिसत असेल."

"आणि तुम्हाला?"

तिने काठीने दाखवलं. "त्या वाकड्या दिव्याच्या खांबापर्यंत गुडघाभर. पांढरी गाडी उभी आहे ना, तिथे कमरेएवढं. मग ओहोळ. दुसऱ्या टाकीच्या खालून येतो, कँटीनच्या फाटकासमोर वळतो आणि गोदामाच्या मागून बाहेर पडतो." ती रोज कामाला जाताना काय पार करते ते मला त्या दिवशी कळलं. ती पुढे म्हणाली, "फाटकाशी आले की मी थोडी थांबते. लोकांना वाटतं, दम लागला."

सहा वर्षं झाली तरी मी नवीच होते, मूर्ख होते. विचारलं, "पण त्यांचं हाड तर मंदिरात आहे ना, काकू?"

तिने गादीवर दोन-तीनदा काठी मारली. "आहे की," ती म्हणाली. "हाड आहे."

१९८३च्या मे महिन्यात सांडपाण्याची नवी वाहिनी टाकायला कँटीनच्या फाटकासमोर चर खणला. चार मीटरवर भरावाची वाळू संपली आणि काळा गाळ लागला. वीस वर्षं झाकलेल्या शिंपल्यांचा वास भिंतीपर्यंत आला. म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. दुपारी मुकादम आमच्याकडे आला. टोपी काढून म्हणाला, "प्रमुखसाहेब, जरा चलता का? माणूस आहे. पायात काहीतरी लाकडी आहे."

सासऱ्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांना धरून नेलं. सासूबाई मागून आल्या. चराच्या कडेला ताडपत्री पसरलेली, तिच्यावर दोन उंच खडावा. गाळात हवा जात नाही, काही कुजत नाही. लाकूड काळं आणि चकचकीत होतं, काल धुतल्यासारखं. खाली दगड. वर दोन नडग्या, खडावांतच उभ्या असल्यासारख्या. बाकीची हाडं बाजूला गोळा केलेली. दोरी चामड्यासारखी झाली होती. मी वाकून पाहिलं. तीन वेढे, आणि शेवट डावीकडून मागे नेऊन आत खोचलेला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

मिनोए कँटीनमधून ॲप्रन घालूनच आली. हातांना भाताचं पाणी लागलेलं होतं, ते तिने पुसलं. ताडपत्रीशी बसली, त्याच्या पायाशी उकिडवी, जशी पूर्वी बसत असेल. गाठीला बोट लावलं नाही. बोट नुसतं तिच्या वर, जरा अंतरावर धरून ठेवलं.

"हा तोकुमात्सु," ती म्हणाली.

नगरपालिकेचा तरुण अधिकारी वही घेऊन उभा होता, शेजारी पोलीस. अधिकारी नम्र होता. "इसोगाई-सान, कशावरून म्हणता?"

"गाठ माझी आहे."

"गाठ?"

"मी बांधली होती. अशी इथे दुसरं कोणी बांधत नव्हतं. विचारा यांना."

अधिकाऱ्याने वहीची पानं उलटली, मुकादमाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. "पण तुमच्या यजमानांचे अवशेष १९६२ साली सापडल्याची नोंद आहे. ओहोळात. क्रियाकर्मही झालंय."

"त्याचे पाय दोन्ही इथे आहेत," मिनोए म्हणाली. "मोजा."

अधिकारी सासऱ्यांकडे वळला. "प्रमुखसाहेब?"

सासऱ्यांनी खाली पाहिलं, बराच वेळ, डोळ्यांना नीट दिसत नसल्यासारखं. "जुनं दिसतंय हे. आमच्या आजोबांच्या काळातलं असेल. तेव्हा कितीतरी बुडायचे."

"आणि गाठीचं काय?"

"गाठ काय, सगळ्या बायका मारायच्या."

मिनोएने मान वर केली. त्यांच्याकडे नाही, माझ्या सासूबाईंकडे. "तामेयो. तू माझ्या शेजारी बसायचीस."

मी सासूबाईंचा श्वास ऐकला. त्या शांतपणे म्हणाल्या, "चोवीस वर्षं झाली, मिनोए. गाठी कोणाच्या लक्षात राहतात?"

"सात हिवाळे चिडवलंस."

"चिडवलं असेल. चेष्टेत माणूस काहीही बोलतं."

मग भिंतीकडून आलेल्या इतरांना विचारलं. ओताके म्हणाली, तिला दिसत नाही हल्ली. अजून तिघांनी नकाराची मान हलवली. मुकादम घड्याळ बघत होता. ओळख पटली असती तर चौकशी लागली असती, चर आठवडाभर उघडा राहिला असता. अधिकाऱ्याने लिहिलं: अनोळखी, पुरुष, जुना. लिहिताना तो मिनोएला म्हणाला, "आजी, मी समजू शकतो." ती तेव्हा छप्पन्न वर्षांची होती.

दोरी कापून पाय सोडवले. कापायला दोघं लागले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी विचारलं, "आई, ती गाठ तुम्ही ओळखलीत."

त्या मासा साफ करत होत्या. "मग?"

"मग ओळखत नाही असं का म्हणालात?"

"सूनबाई, त्या मयताचं जेवण बेचाळीस घरं जेवलीत. आता काय सांगायचं, की कोणाचं जेवलो?"

"कोणाचं हाड होतं ते?"

"बेवारशांच्या ढिगातलं. मंदिरामागे आहे ना, वाहून आलेल्यांचा. भिक्षूंनीच काढून दिलं, वरचंच होतं." त्यांनी माशाचं पोट बोटाने पुसलं. "बाईचं असावं. बारीक होतं. तिलाही तेव्हाच कळलं असेल, ती काही आंधळी नव्हती. शिक्का का मारला मग? माणसं हवी होती तिला घरात. दोन वर्षं भिंतीशी बोलली होती ती."

मी खवले गोळा करू लागले. त्या म्हणाल्या, "पाणी दे. हात बरबटलेत."

सहा महिने नगरपालिकेने वाट पाहिली. कोणी पुढे आलं नाही असं लिहिलं, कारण जी पुढे आली तिची नोंद नव्हती. दहन झालं आणि अस्थी मंदिरामागच्या बेवारशांच्या ढिगात गेल्या. बाईचं हाड इसोगाईंच्या कबरीत, तोकुमात्सुच्या नावाखाली, आणि तोकुमात्सु ढिगात, बिननावाचा. मंदिराच्या आवारात दोन्हींत तीसेक पावलं असतील.

त्यानंतर वसंत आणि शरदात सगळे आपापल्या घरच्या कबरी धुवायला जात तेव्हा मिनोए पाण्याची बादली घेऊन नवऱ्याच्या दगडावरून पुढे निघून जायची आणि ढिगाशी बसायची. लोक आधी बघायचे, मग हसायचे. "नवरा सोडून परक्यांना पाणी घालते." "वय झालं." ओताके तिला एकदा म्हणाली, "अगं, तुझा तिकडे आहे." मिनोए म्हणाली, "मला रस्ता माहीत आहे, ओताके. तुला दिसत नाही हल्ली."

मला वाटतं, आमच्या वस्तीला तिने दिलेला तो एकच टोला.

१९८९च्या शरदात ती आमच्याकडे आली, नीट कपडे करून, हातात लिफाफा. सासऱ्यांसमोर बसली, मी चहा ठेवला.

"भावोजी, मला कोणी नाही. माझं तुम्हीच करणार."

"म्हणजे काय, आम्हीच करणार."

"मग हे वाचा. मला आमच्या कबरीत ठेवू नका. मागच्या ढिगात टाका. शिक्का मारलाय मी."

सासऱ्यांनी कागद वाचला. "बेवारशासारखं? लोक काय म्हणतील?"

"कबरीतल्या बाईचं मला काही वाईट वाटत नाही," मिनोए म्हणाली. "पण ती माझी कोणी लागत नाही."

ती पहिल्यांदाच ते मोठ्याने बोलली होती. सासऱ्यांनी चहा उचलला, घोट घेतला, ठेवला. "बरं," ते म्हणाले. "बघतो." लिफाफा त्यांनी टेबलाच्या खणात टाकला, जिथे पाटीचे जुने कागद असायचे. निघताना तिने त्यांना जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला. इतकं वाकलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

१९९१च्या फेब्रुवारीत, दोन दिवस तिची खिडकी उघडली नाही, तेव्हा मी गेले. आजारपण नव्हतं, झोपेतच गेली होती. मी घरी येऊन सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरं जमली.

तिच्या स्वयंपाकघरात मी होते, सासूबाई होत्या, नऊ बायका. कोणाला कुठलं भांडं कुठे ते शोधावं लागलं. मीठ दुसऱ्या फळीवर मिळालं. मधेच चटया आणायला मी घरी आले तेव्हा सासरे टेबलाशी बसले होते, खण उघडा.

"बाबा, तो लिफाफा," मी म्हणाले.

"आहे."

"मग?"

"मग काय? बाईला नवऱ्याजवळ ठेवायचं नाही तर कुठे? गावाने नीट केलं नाही असं व्हायला नको." त्यांनी लिफाफा मला दिला. "चुलीत टाक, नाहीतर ठेव परत. तुझ्या मनाला येईल तसं कर."

मी तो परत खणात ठेवला. चुलीत टाकला नाही, एवढंच माझ्या नावावर. कोणाला दाखवलाही नाही. भिक्षू बाहेर उभे होते, दहा पावलांवर, नवे भिक्षू, तरुण, त्यांना काही माहीत नव्हतं. मी चटया घेऊन त्यांच्या शेजारून गेले आणि त्यांना नमस्कार केला.

काही कमी पडू दिलं नाही आम्ही. भात, उकडलेल्या भाज्या, टोफू. ओताके रडली, तिला ब्याऐंशी वर्षं झाली होती. पुरुषांनी प्याले भरले आणि म्हणाले, शेवटी सगळं नीट झालं, दोघं एकत्र.

सातव्या दिवशी अस्थी न्यायच्या होत्या. मंदिराला चौसष्ट पायऱ्या आहेत. अस्थींची पेटी पांढऱ्या कापडात बांधून सासूबाईंनी समोर घेतली. कापडावरून दोरी घ्यायची असते, वाहणाऱ्याच्या मानेत अडकवायला. त्यांनी ती मांडीशी धरून बांधली. म्हातारी बोटं, पण थबकली नाहीत. तीन वेढे, मग शेवट डावीकडून मागे नेला आणि आत खोचला.

मी तिथेच बसले होते. "आई," मी म्हणाले.

"काय?"

"ही गाठ."

त्यांनी दोरी ओढून पाहिली. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चालताना सैल होत नाही."

मग पेटी माझ्या मानेत अडकवली, कारण घरातल्या बायकांत तरुण मीच होते. बाहेर सासऱ्यांनी चला म्हटलं. आम्ही भिंतीच्या कडेकडेने निघालो, बेचाळीस घरं, एकामागे एक.